काकवीचं रक्त

झोंबी शास्त्रीयदृष्ट्या अशक्य आहेत हे मी एका दुपारी पुराव्यांसह सिद्ध केलं आणि त्याच दुपारी, सासूबाईंसकट, पिकअप गाडीत घालून मला अपघातग्रस्त म्हणून दवाखान्यात नेण्यात आलं.

या सगळ्याला जबाबदार माझा दीर, सिद्धार्थ. मी तळेगावच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. माझे यजमान मिलिंद देहूरोडला लष्कराच्या डेपोत नोकरी करतात. (गंभीर माणूस. त्यांच्या विनोदबुद्धीला बहुधा गेटपास मिळालेला नाही.) सिद्धार्थ मात्र लोणावळ्याच्या पुढे एका रिसॉर्टवर पाहुण्यांसाठी खेळ भरवतो. पुण्यातल्या कुठल्याशा कंपनीची माणसं सहलीला येणार होती आणि त्यांना झोंबींचा खेळ हवा होता. रिसॉर्टचे कर्मचारी रंगरंगोटी करून झोंबी होणार, पाहुणे पळणार, झोंबी पकडणार.

"वहिनी, खेळाच्या आधी तू फक्त थोडं बोल," सिद्धार्थ म्हणाला. "झोंबी खरंच होऊ शकतात का, सायन्समधून. जरा हवा तयार कर."

आता, मला कोणी 'थोडं बोल' म्हटलं की काय होतं हे माझ्या विद्यार्थ्यांना विचारा. मी आठवडाभर तयारी केली. भाजी चिरताना बुरशी, पोळ्या लाटताना रेबीज. मिलिंद जेवताना म्हणाले, "सुजाता, माझ्या ताटावर तरी प्रेताचं कुजणं नको." मी त्यांच्याकडे साफ दुर्लक्ष केलं. उत्साहाने माझ्या अंगात नुसतं वारं शिरलं होतं.

ठरल्या दिवशी सासूबाईही बरोबर निघाल्या. त्या सुदुंबऱ्याच्या. सगळा जन्म शेतात राबल्या, आणि धाकट्या लेकाचं ऑफिस कसं असतं ते एकदा बघायचं होतं. तिथे पोचलो तर सिद्धार्थ डोक्याला हात लावून बसलेला. दोन झोंबी आलेच नव्हते.

"काय करावं लागतं रं झोंबीला?" सासूबाईंनी विचारलं.

"काही नाही आई. मेल्यासारखं तोंड करायचं, पाय ओढत चालायचं आणि कण्हायचं."

"आरं, मग त्ये मी रोजच करती. गुडघं धरल्यापासनं."

झालं. सासूबाईंची भरती झाली. मेकअपवाल्याने त्यांचा चेहरा राखाडी केला, डोळ्यांखाली काळं फासलं. पण रक्त संपलं. बाटली आधीच्या झोंब्यांनीच उडवली होती. तेव्हा रिसॉर्टच्या आचाऱ्याने तोडगा काढला: काकवी गरम केली, तिच्यात खायचा लाल रंग कालवला, आणि तयार झालं असं दाट, चिकट, हुबेहूब रक्त की मलाच कौतुक वाटलं. सासूबाईंनी बोट लावून चाटून बघितलं आणि "ग्वाड हाय" असा शेरा मारला. मग सगळ्या झोंब्यांना सढळ हाताने काकवी चोपडण्यात आली.

दरम्यान मी हिरवळीवर बोलायला उभी राहिले. काय सांगू, रंगलेच मी! मुंगीच्या शरीरात शिरणारी बुरशी सांगितली. ती मुंगीला झुडपावर चढवते, पानाला चावा घेऊन तिथेच मरायला लावते आणि मग तिच्या डोक्यातून कोंबासारखी उगवते. झुरळाच्या मेंदूत नांगी मारणारी गांधीलमाशी सांगितली. ती त्या झुरळाला मिशी धरून, दाव्याने गाय न्यावी तसं आपल्या बिळात नेते. पाहुण्यांपैकी एका मुलीने हातातला वडापाव खाली ठेवला.

"मॅडम, मग ही बुरशी माणसात आली तर?" एकाने आशेने विचारलं.

"अवघड आहे. आपलं शरीर बहुतेक बुरशींना फार गरम पडतं. आणि आपला मेंदू म्हणजे मुंगीचा मेंदू नाही. मुळात मेलेला माणूस चालणारच कसा? स्नायू हलायला ऊर्जा लागते, ऊर्जेला प्राणवायू, प्राणवायूला रक्त, रक्ताला हृदय. हृदय थांबलं की काही तासांत अंग ताठतं. पुढे माश्या, अळ्या आणि आपली मावळची हवा. आठवडाभरात झोंबीचं खत."

मागून, राखाडी चेहऱ्याने, सासूबाईंनी हात वर केला. "सुजाता, पर मेल्याल्या मानसाला भूक कशी लागती? त्ये चावत सुटत्यात म्हनं."

"नाहीच लागत, आई. जठर बंद, यकृत बंद."

"मग मला का लागलीया?"

पाहुणे हसून लोळले आणि माझं भाषण तिथेच संपलं. सिद्धार्थने सूचना दिल्या: शिट्टी वाजेपर्यंत कुठल्याही झोंबीने माणसासारखं बोलायचं नाही. सासूबाईंनी मान डोलावली. (त्यांनी आयुष्यात कुणाची सूचना इतकी मनावर घेतलेली मी पाहिली नव्हती. माझी तर नाहीच.)

खेळ सुरू झाला. ऊन छान पडलं होतं, डोंगर हिरवेगार, खाली खाचरांमध्ये भात पिवळा झालेला. पाहुणे किंचाळत पळतायत, झोंबी कण्हत मागे, आणि सगळ्यांत पुढे सासूबाई, पदर खोचून, काकवी गाळत. एवढ्यात पहिली मधमाशी आली. मग दुसरी. मग, मला वाटतं, तिने घरी जाऊन सांगितलं असावं.

मेलेला माणूस चालूच शकत नाही, असं मी नुकतंच सांगितलं होतं. आमचे झोंबी मात्र ज्या वेगाने उताराकडे सुटले, त्या वेगाने जिवंत माणूससुद्धा पळत नाही. झोंबी पळाले म्हणून माश्या त्यांच्या मागे, माश्या बघून पाहुणे, आणि "आई, गुडघे सांभाळा" असं ओरडत मी. सिद्धार्थ शिट्टी वाजवायला गेला, तर शिट्टीलाही काकवी लागली होती. फक्त फुर्र आवाज आला.

खाली वाडीतली माणसं भात कापत होती. त्यांनी वर बघितलं तेव्हा त्यांना काय दिसलं असेल? रस्त्याच्या बाजूने रक्ताने माखलेली माणसं, चेहरे सुजलेले, धडपडत, ओरडत खाली येतायत. झोंबी हा शब्द त्यांच्यापैकी कुणाच्या डोक्यातसुद्धा आला नाही. घाटरस्त्यालगतची माणसं ती. रक्त दिसलं की गाडी उलटली, आणि गाडी उलटली की धावायचं, एवढंच त्यांना ठाऊक.

ती सगळी आमच्याकडे धावली. हातात विळे तसेच.

आमच्या झोंब्यांनी समोरून येणारे विळे पाहिले आणि ते जागच्या जागी वळून परत माश्यांकडे पळाले. जिवंत माणसांना घाबरून मेलेली माणसं डोंगर चढतायत, हे दृश्य बघायला सिद्धार्थचे पाहुणे कितीही पैसे मोजायला तयार झाले असते. पण ते तेव्हा माश्यांपासून लपायला खालच्या ओढ्यात बसले होते.

"आरं थांबा, पळू नगा, रगात जाईल," एक मिशाळ भाऊ ओरडत होते. त्यांनी सासूबाईंना अलगद धरलं. बायका पुढे आल्या, कुणी पदराने वारा घातला, कुणी तोंडाला पाणी लावलं. एका म्हातारीने सासूबाईंचा हात हातात घेऊन विचारलं, "कुटली गं बाय तू? कुटं लागलंय?"

सासूबाई कण्हल्या. नुसत्या कण्हल्या.

"आई, सांगा ना त्यांना," मी म्हणाले.

त्या माझ्या कानाशी येऊन कुजबुजल्या, "शिट्टी वाजली न्हाई आजून."

मग मीच पुढे झाले. आता शांतपणे 'ही काकवी आहे' एवढे तीन शब्द बोलले असते तर काम झालं असतं. पण मला धाप लागलेली, गालाला दोन माश्या चावलेल्या आणि अंगात भाषण अजून शिल्लक. मी म्हणाले, "भाऊ, यांना काही झालेलं नाही, हे मेलेले आहेत. म्हणजे मेलेले नाहीत. मेले असते तर चाललेच नसते, कारण स्नायूंना प्राणवायू..."

भाऊंनी मागे वळून हाक मारली, "गाडी आना बिगी बिगी. ही बाई डोक्यावर पडलीया."

पिकअपमध्ये पेंढा अंथरून आम्हाला निजवलं. हाती लागले ते चार झोंबी आणि मी. मी उठले की ती म्हातारी मायेने माझं डोकं पुन्हा खाली दाबायची. वाटेत भाऊंनी माझा फोन घेऊन मिलिंदना लावला. माझ्या कानावर पडलं ते एवढंच: "तुमची आई जास्त हाय. बोलंना. बायको बोलतीया, पर काय बोलतीया त्ये कळंना."

दवाखान्यात तरुण डॉक्टरांनी सासूबाईंची नाडी पाहिली, रक्तदाब पाहिला, आणि मग जखम शोधू लागले. जखम सापडेना. सापडल्या त्या मुंग्या, कपाळावरून कानाकडे रांगेने निघालेल्या. डॉक्टरांनी बोटाला लागलेलं रक्त नाकाशी नेलं. पुन्हा नेलं.

तेवढ्यात मिलिंद पोचले. देहूरोडहून मोटरसायकल कशी हाणत आले होते देव जाणे. हेल्मेट डोक्यावरच होतं. त्यांनी पलंगावरची राखाडी, लालभडक आई पाहिली आणि हा गंभीर माणूस मटकन फरशीवर बसला. लहान मुलासारखं "आई" म्हणाला.

सासूबाई ताडकन उठल्या. शिट्टीबिट्टी गेली उडत. पदराने तोंड खसाखसा पुसत त्या खाली लेकाजवळ बसल्या. "काय बी झालं न्हाई रं मला, मिलिंद. काकवी हाय ही. चाटून बघ." आणि बोट लेकाच्या तोंडात घातलं. मिलिंद चाटत होते, रडत होते आणि मग एकदम हसायला लागले. लग्नानंतर एवढं मोठ्याने हसताना मी त्यांना प्रथमच पाहिलं. वाडीची माणसंही हसत सुटली. भाऊ म्हणाले, "काकवीचा वास मला गाडीतच आलता, पर म्हनलं साकरेचा आजार आसंल."

सगळ्या झोंब्यांच्या अंगातल्या माश्यांच्या नांग्या काढून, मलम लावून त्यांना सोडून दिलं. उरले मी. कारण भाऊंनी डॉक्टरांना बाजूला घेऊन माझ्याबद्दल खास सांगितलं होतं.

"मॅडम, डोकं दुखतंय का?" डॉक्टरांनी विचारलं.

"मुळीच नाही. त्याचं काय आहे डॉक्टर, मुंगीच्या बाबतीत बुरशी आधी स्नायूंचा ताबा घेते..."

डॉक्टरांनी माझ्या डोळ्यांत बॅटरी मारली. "आज वार कोणता?"

दिवाळीची सुट्टी चालू होती हो. सुट्टीत कुठल्या शिक्षकाला वार सांगता येतो? मी बुधवार म्हणाले. शनिवार होता. डॉक्टर गंभीर झाले. रात्रभर देखरेखीखाली ठेवावं लागेल, म्हणाले. मग ते सासूबाईंकडे वळले.

"आजी, या असं असंबद्ध बोलतायत ते कधीपासून? पडल्यावर लगेच, की नंतर?"

सासूबाईंनी कानातली शेवटची मुंगी काढली.

"लगीन हून आली तवापासनं."

डॉक्टरांनी बॅटरी खिशात ठेवली आणि मिलिंदना म्हणाले, "मग काळजीचं कारण नाही. घेऊन जा."