वनवासातली सीतेची वेणी

रस्ता रुंद करायला माहेरच्या अंगणातला आंबा तोडला, त्याच सुमारास मी कोकणात गेले होते. आडव्या पडलेल्या फांदीला सीतेची वेणी, झाडाच्या सालीवर वाढणारं ते ऑर्किड, अजून घट्ट धरून होती. कोयतीने तो हातभर तुकडा तोडून घेतला, ओल्या पंच्यात गुंडाळला. भाऊ हसला. "बनारसच्या उन्हात आठवडाभर टिकली तरी कळव."

असलं कोणी म्हटलं की मी पेटते. फुलवूनच दाखवीन, असं त्याला तिथल्या तिथे सांगितलं. पण खरी गोष्ट पैजेची नव्हती. आई-वडील गेले होते, आता झाडही गेलं. त्या अंगणातलं जिवंत असं एवढंच माझ्या हाती उरलं होतं आणि ते मला मरू द्यायचं नव्हतं.

सासर बनारसला मंगला गौरीच्या देवळाजवळच्या गल्लीत, पिढ्यान्‌पिढ्या काशीत राहिलेलं मराठी घर. सासूबाईंनी फांदी उलटसुलट पाहिली. "हे तर बांडगूळ. दुसऱ्याच्या जिवावर जगणारं. घरात कशाला आणलंत?"

मला ते झाडापेक्षा जास्त लागलं; त्या घरात बाहेरून आणलेली मीही होतेच. "बांडगूळ नाही," मी म्हटलं. "झाडाला नुसतं धरून राहते, त्याचं खात काही नाही. सीतेची वेणी म्हणतात हिला." सीतेचं नाव मी मुद्दाम जरा मोठ्याने घेतलं, कारण माझे सासरे, मामंजी, पलीकडे पूजेला बसले होते. पौरोहित्य करणारा माणूस. आतून आवाज आला, "सीतामाईची? मग राहू द्या." मी जिंकले होते. चूकही तिथेच झाली होती.

फांदी मी जिन्यातल्या खिडकीत टांगली. तिथे सकाळचं कोवळं ऊन यायचं. लू, तो उन्हाळ्यातला भाजणारा वारा, सुटली की खिडकीला ओलं गोणपाट लावायचं. बिजली जाऊन कूलर बंद पडला की घरातले सगळे हातपंख्याने वारा घेत बसत आणि मी गोणपाट भिजवत बसे. शाळेतून शिकवून आले की चपला काढायच्या आधी तिच्याकडे बघायचं. उन्हाळा तिने काढला. आता पाऊस आला, आता काळजी नाही, असं वाटलं आणि तेव्हाच तिची मुळं काळी, लिबलिबीत व्हायला लागली. मुंग्या लागल्या. आंबट वास येऊ लागला.

एका सुटीच्या सकाळी उलगडा झाला. मामंजी पूजा आटपून जिन्यात आले आणि अभिषेकाचं भांडं त्यांनी फांदीवर हळूच रिकामं केलं. दूध, दही, मध, साखर, सगळं. तीर्थ पायदळी येऊ नये म्हणून ते रोज तुळशीत घालायचे. आता सीता घरात आली म्हटल्यावर तिलाही तिचा वाटा देत होते.

माझ्या डोक्यात सणक गेली. पण ओरडणार कोणावर? घरातलं सगळ्यात पवित्र जे होतं, तेच त्यांनी तिला दिलं होतं. मी दुपारभर बसून कुजलेली मुळं ब्लेडने कापली, कापल्या जागी हळद लावली. धड अशी तीनच मुळं उरली.

दुसऱ्या दिवशी मामंजी भांडं घेऊन आले तेव्हा मी पायरीवर आडवी उभी राहिले. सासऱ्यांची वाट अडवायची माझी ती पहिलीच वेळ. "मामंजी, हिला तीर्थ नको."

"का? अशुद्ध आहे?"

"ही अयोध्येतली सीता नाही, वनवासातली आहे. वनात पंचामृत कुठलं? पावसाचं पाणी आणि वारा, एवढ्यावरच राहते ती."

त्यांनी फांदीकडे पाहिलं. "बात तर बरोबर आहे," म्हणाले आणि तुळशीकडे वळले. त्या दिवसापासून तेच राखणदार झाले. जिन्यातून येणाऱ्या-जाणाऱ्याला बजावायचे, "वनवासात आहे ती. हात नका लावू." पन्हाळीचं पाणी माझ्यासाठी घड्यात धरून ठेवायचे.

दोन वर्षं फूल नाही. सासूबाईंनी विचारणंही सोडलं. मी सोडलं नाही. नव्या मुळांची हिरवी टोकं रोज बघत राहिले.

तिसऱ्या ज्येष्ठात तुरा लोंबला, गुलाबी-पांढरा, वीतभर. मामंजी देवीसाठी फुलं काढायला परडी घेऊन निघाले होते आणि परडी घेतलेला हा माणूस कुठलंच फूल झाडावर ठेवत नसे. मी खिडकीशी जाऊन उभी राहिले. काही झालं तरी तोडू द्यायचं नाही, असं ठरवूनच.

त्यांनी हात पुढे केलाच नाही. तुरा खालपासून वरपर्यंत पाहिला. मग म्हणाले, "सूनबाई, हिचा वनवास संपला. तुमचा?"

इतक्या वर्षांत हे मला कोणी विचारलं नव्हतं. माझे डोळे भरून आले. मी वळले, तुऱ्यातलं एक फूल खुडलं आणि त्यांच्या परडीत ठेवलं.