चुकून बघणारी वहिनी

माझ्या वहिनीच्या हातात कुठलीही नवी वस्तू द्या, ती आधी तिची वाट लावायला बघते. बॅगा दुरुस्त करायच्या दुकानात ती अर्धा दिवस काम करते. नवी चेन बसवली की ती सरळ ओढून बघत नाही. तिरकी ओढते, मध्येच हिसका देते, रुमालाचं टोक मुद्दाम आत अडकवते. "सरळ ओढल्यावर काय, सगळ्याच चालतात," असं तिचं म्हणणं. दुकानदार अजूनही कपाळाला हात लावतो. मला ही बाई फार आवडते, पण तिच्या तोंडावर हे मी कधी सांगितलेलं नाही.

उरलेला अर्धा दिवस ती तिच्या दोन्ही मुलींना घरीच शिकवते. थोरली शाळेतही रमली असती, ती कुठेही रमते. प्रश्न धाकटीचा होता. ती अक्षर लिहायची, खोडायची, पुन्हा लिहायची, पुन्हा खोडायची, अगदी कागद फाटेपर्यंत. तोंडी विचारलं तर मूग गिळून बसायची. पेपर कोरे येऊ लागले, रोज सकाळी पोट दुखू लागलं, तेव्हा वहिनीने तिची शाळा सोडवली. "ताईला तरी जाऊ दे," दादा म्हणाला. थोरली म्हणाली, "मी एकटी नाही जाणार," आणि विषय संपला.

घरी धाकटीला वाचा फुटली, पण खोडणं काही सुटलं नाही. कागदावर चुकीचं काही दिसलं की तिचा श्वासच अडकायचा. "हिला चुकताच येत नाही गं," वहिनी एकदा मला म्हणाली, "मग ही शिकणार कशी?" तेव्हा ती हसत नव्हती.

या वर्षी मुलींना प्रोग्रामिंगची तोंडओळख करून द्यायचं ठरलं. घरात लॅपटॉप एकच, तेव्हा सॉफ्टवेअरही एकच घ्यायचं. मी ऑफिसात दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसणारी, म्हणजे सल्ला द्यायचा हक्क माझाच, असं मी परस्पर ठरवून टाकलं. तीन नावं दिली. तिन्ही थोडे दिवस फुकट वापरता येत होती. त्यातलं रॉकेटवालं घ्या, असं मी छातीठोकपणे सांगितलं. त्यात चांदण्या मिळतात, पदकं मिळतात, वर घड्याळ पळत असतं. थोरलीने पहिल्याच दिवशी पदकांचा ढीग लावला. धाकटी मात्र पहिल्याच चुकीला भोंगा वाजल्याबरोबर उठली आणि शिलाई मशीनखालच्या चिंध्या गोळा करत बसली.

रविवारी त्यांच्याकडे गेले तर वहिनी स्वतःच रॉकेट उडवत बसलेली. सूचनांचे रंगीत ठोकळे एकाखाली एक लावायचे की रॉकेट त्याप्रमाणे जातं, इतकं सोपं. पण वहिनीचं रॉकेट दर वेळी आपटत होतं. भोंगा वाजायचा, लाल फुली यायची, एक चांदणी विझायची.

"अगं, डावीकडे वळायचंय. उजवीकडचा ठोकळा काय लावतेस?"

"माहितीय," असं म्हणून तिने पुन्हा उजवीकडचाच लावला.

माझा राग नाकावरच असतो. "जमत नसेल तर सरक, मी करून देते."

"जमतंय गं. चुकलं की हे कसं वागतं ते बघतेय."

तिने दुसरं उघडलं. त्यात एक अस्वल होतं. वहिनीने ठोकळे उलटेसुलटे लावले. अस्वलाने ते आपणच नीट लावून घेतले आणि वर तिलाच शाबासकी दिली.

"हे तर तुझ्या दादासारखं," वहिनी म्हणाली. "भाजी करपली तरी छान झालीय म्हणणारं."

"मग त्यात वाईट काय?"

"वाईट काही नाही. पण करपली हे कळायला नको?"

तिसरं दिसायला अगदीच रया गेलेलं. राखाडी पडदा, तळं, दगड आणि एक बेडूक. मी ते नुसतं भरतीला घातलं होतं. पलीकडच्या काठावर जायला तीन उड्या पुरत होत्या, वहिनीने दोनच सांगितल्या आणि मध्येच वळायला लावलं. बेडूक सरळ पाण्यात. भोंगा नाही, फुली नाही. तो बाहेर आला, अंग झटकलं आणि पहिल्या दगडावर जाऊन बसला. ठोकळे होते तसेच राहिले, फक्त चुकलेला पिवळा झाला. वहिनीने त्याला नाना तऱ्हांनी बुडवला.

केव्हातरी धाकटी चिंध्या हातात घेऊन खुर्चीमागे येऊन उभी राहिली होती.

"आई, तिथे वळायचं नव्हतं."

"हो, चुकलं माझं."

"मग खोड ना."

"खोडते. आधी कुठे पडतो ते तर बघू."

बेडूक पडला आणि धाकटी खुदकन हसली. मग चिंध्या टेबलावर ठेवून म्हणाली, "आई, सरक."

तिने बोटाने दगड मोजले. मोजून झाल्यावर सात उड्यांचा ठोकळा लावला.

"सात? अगं, तीनच..." मी बोलायला लागले, तोच टेबलाखालून वहिनीची लाथ बसली.

"माहितीय, आत्या," धाकटी म्हणाली. "मला चुकायचंय."

बेडूक भलतीकडेच जाऊन बुडाला. तिने डोळे मिटले नाहीत की हात खोडायच्या बटणाकडे नेला नाही. वहिनी उठून स्वयंपाकघरात गेली. मी मागोमाग गेले तर ती ओट्याला टेकून, तोंडावर हात दाबून रडत होती. मी तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले.

"आई," बाहेरून हाक आली, "परत पडला."

वहिनीने डोळे पुसले, घसा साफ केला.

"पडू दे," ती म्हणाली.