पगाराची संध्याकाळ

श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यातून आम्ही परतताना तो रोज बसमध्ये तोंडावर रुमाल टाकून झोपतो. तंजावरकडचा मराठी, तिरुवल्लिकेणीच्या मॅन्शनमध्ये, म्हणजे भाड्याच्या खोल्यांच्या लॉजमध्ये, माझ्या शेजारच्या खोलीत राहणारा. आम्ही सगळे तिथे एकटे पुरुष, आणि खोलीत स्वयंपाकाला सक्त बंदी.

पगाराच्या संध्याकाळी मात्र रुमाल खिशात! काल बसभर मोबाइल टिणटिणायला लागले आणि तो उभाच राहिला. "वंदाच्चु! आला, सार, पगार आला!" मागच्या पगाराला याच भरात त्याने झकास हेल्मेट घेतलं होतं. गाडी नाही त्याच्याकडे.

बसमधून उतरताच त्याने मोबाइल माझ्या हातात कोंबला. "पैसे यातच आहेत. मी पाया पडलो तरी आज देऊ नका." मग समोरच्या झगमगत्या दुकानात शिरून प्रत्येक वस्तूला हात लावून आला. जेवणाआधी माझ्या खोलीत येऊन खरोखरच पाया पडला. मी बधलो नाही.

आज सकाळी मोबाइल परत घेताना अगदी शांत होता. म्हटलं, सुटला बिचारा.

संध्याकाळी जिन्यात धापा टाकत भेटला. दोन्ही हातांनी इडलीचं पीठ वाटायचा भलाथोरला ग्राइंडर कवटाळलेला.

"सार," तो अभिमानाने म्हणाला, "हा विचार करून घेतलाय."