गाडी फिरवायची जागा

त्या रविवारी सकाळी साडेसातला शंकर उईके आमच्याकडे चहाला आला नाही. बायको म्हणाली, "चहा उकळून उकळून काळा होऊन राह्यला, तुमचे दोस्त कुठी अडकले?" मी म्हणालो, "येते ना, पेपर वाचत बसला असंल." एवढं बोलतोय तोवर एक घर सोडून पलीकडून शंकरच्या बायकोची, सुमनवहिनींची हाक आली. हाक कसली, किंकाळीच ती. मी चपला न घालता धावलो. शंकर न्हाणीच्या दारात भिंतीला टेकून बसला होता, घामानं निथळत, छातीवर हात. मला तो देवाच म्हणायचा. आणि मला पाहून म्हणतो काय, "देवा, चहा झाकून ठेव." माणसाचं शेवटचं बोलणं असं असतं का हो? पस्तीस वर्षांची दोस्ती, जाताना काहीतरी धड बोलावं की नाही! सात आठवडे झाले, मी अजून त्याच्यावर चिडलेलोच आहे.

अँब्युलन्स लवकर आली, खोटं कशाला बोलू. सेलूला गावाच्या टोकावर आमचं लेआउट, त्यात आमची गल्ली शेवटची आणि पुढे बंद. सगळ्यात शेवटी माझं घर. ड्रायव्हर नवा होता, तो गाडी सरळ आत घेऊन आला. शंकरला आत घेतलं, वहिनी बसल्या, दार लागलं आणि गाडी काही निघेना. ड्रायव्हरनं मान बाहेर काढून मला विचारलं, "काका, फिरवायले जागा कोणीकडं हाये?" मी म्हणालो, "नाई बावा. रिव्हर्सच घ्या लागते." मग ती गाडी उलटी निघाली. एका अंगाला कोणाच्या कारचा रॅम्प, दुसऱ्या अंगाला कोणाच्या ओट्याच्या पायऱ्या, मध्ये मोटरसायकली. मी मागे उभा राहून हात दाखवत होतो, "येऊ द्या… थोडी डावीकडं… येऊ द्या." मीही उलटाच चालत होतो आणि मागच्या काचेतून मला शंकरचे तळवे दिसत होते. अर्ध्या गल्लीत मागचं चाक नालीच्या फुटक्या फरशीत गेलं. शेजारपाजारचे दहा जण धावले, गाडी उचलून वर काढली. गल्लीच्या तोंडाशी पोचायला किती वेळ लागला, मी घड्याळ पाहिलं नाही. पाहायची हिंमतच नव्हती. वर्धा यायच्या आधीच तो गेला. थोडं आधी आणलं असतं तर वाचला असता का, हे मी डॉक्टरांना तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "सांगता येत नाही." आता याचं मी काय करू?

शंकर लेआउट काढायचा. म्हणजे शेताचे प्लॉट पाडायचे असले की रस्ता किती रुंद, गल्ली किती लांब, कोपरा कसा, मुलांना खेळायला मोकळी जागा कुठे, हे सगळं नकाशावर बसवायचं काम त्याचं. मूळचा रोहण्याकडचा, गोंड. घरी त्यांच्या भाषेत बोलायचा, बाहेर आमच्यासारखंच. वर्ध्याला शिकताना आम्ही एका खोलीत राहिलो. मी परत घरच्या वांग्या-मेथीत शिरलो, तो नकाशांत शिरला. पण कागदाला आधी हात लावायचा नाही. शेतात उतरायचा, पँट घोट्यावर दुमडून अनवाणी चालायचा, आणि पावलं मोजायचा ती आपल्या भाषेत, तोंडातल्या तोंडात. त्या वेळी कोणी मध्ये बोललं की खेकसायचा. मग मालकाचाच ट्रॅक्टर मागवायचा, मागे कापसानं भरलेली ट्रॉली, आणि म्हणायचा, "फिरव अठी." ट्रॉली फिरली की तिच्या चाकामागून चुन्याची फक्की टाकत जायचा. त्या रेघेच्या आत एकही प्लॉट येऊ द्यायचा नाही. मालक कुरकुरायचे, हे सगळं कागदावरच करा ना साहेब, उन्हात कशाला! त्यावर याचं ठरलेलं उत्तर. "कागदावर सारंच वळते. कागदाले चाकं कुठी हायेत?"

नाचणगावचा एक किस्सा तर मी डोळ्यांनी पाहिला. मालकानं लेआउट पास व्हायच्या आधीच घाईनं कोपऱ्यावर सिमेंटचा खांब रोवून ठेवलेला, कोपरा तिरपा कापायला तयार नाही. म्हणे, दोन हातांसाठी काय अडून राह्यले तुम्ही! शंकरनं मालकाच्याच भाच्याला ट्रॅक्टरवर बसवलं आणि कोपऱ्यावरून वळव म्हणाला. ट्रॉलीनं खांब आडवा केला. मालकानं त्याच्या सात पिढ्या काढल्या. शंकर आपला शांत, फक्की टाकत म्हणतो, "आज खांब गेला. उद्या अठी कोणाचं पोरगं उभं राह्यलं असतं, तं?" रस्त्याच्या रुंदीसाठी त्याचं आणखी एक माप होतं, ते कुठल्या नियमात लिहिलेलं नसेल. म्हणायचा, एकीकडून वरात आली अन् दुसरीकडून तिरडी आली, तरी कोणालेच थांबा नाई लागलं पायजे. अशा माणसाला जमीनमालक आणि बिल्डर दोघंही सारखेच टरकून असायचे, असं मी त्याला चिडवायचो.

आता माझ्यावर येतो. इतका वेळ आडून आडून चाललोय, ते तुमच्याही ध्यानात आलं असेल.

आमचं लेआउट म्हणजे आमचंच भाजीचं शेत. भावांत वाटे झाले, गाव अंगावर आलं, तेव्हा प्लॉट पाडायचं ठरलं, आणि नकाशा शंकरनंच काढला. दुसऱ्या कोणाकडे जाणार मी? बंद गल्लीच्या शेवटी त्यानं गाडी फिरवायला गोल जागा ठेवली. मी भडकलोच. "अबे, दीड प्लॉट खाल्ला तुनं!" तो म्हणाला, "खाल्ला नाई, ठेवला." नकाशा तसाच मंजूर झाला. शेवटून तिसरा प्लॉट त्यानं स्वतः घेतला, शेवटचा मी ठेवला. बारा वर्षांपूर्वी माझं घर झालं, कंपाउंडची वेळ आली, आणि मी मिस्त्रीला सांगितलं, दोरी या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ ताण. झालं! ती गोल जागा अख्खी माझ्या भिंतीच्या आत. तिथं मी आंबा लावला, शेवगा लावला. माझा हिशेब असा की रस्ता माझ्या घरापाशीच संपतो, पुढे कोणाला जायचंय? शेवटच्या घरवाल्यालाच असली अक्कल सुचते. गल्लीत तेव्हा माणसं राहायला आलीच नव्हती, त्यामुळे कोणाला पत्ता लागला नाही.

शंकर तेव्हा कामासाठी आर्वीकडे होता. आला, भिंतीपाशी उभा राहिला. मग आत येऊन म्हणाला, "उचल ते भिंत."

"माह्यं शेत होतं ते."

"होतं. आता रस्ता हाये."

मी जे नाही ते बोललो. नकाशे काढणारा नोकर तू, मालक मी, इथवर गेलो. उचलली जीभ, लावली टाळ्याला. तो उठून गेला. दोन महिने आमचं बोलणं बंद. कचेरीत एक साधा अर्ज टाकला असता तरी माझी भिंत आठवड्यात खाली आली असती, आणि मी रोज त्याचीच वाट पाहत होतो. अर्ज आला नाही. एका सकाळी साडेसातला तो स्वतःच आला, खुर्ची ओढली आणि म्हणाला, "चहा ठेव." अर्ज का नाही टाकलास, हे मी त्याला कधी विचारलं नाही. मला वाटतं, दोस्त आहे, आज ना उद्या आपल्या हातानं पाडेल, असं त्यानं धरलं असावं. मग दर दिवाळीला फराळ झाला की जाता जाता तो भिंतीवर थाप मारायचा, "कवा पाडतं?" मी म्हणायचो, "पुढच्या दिवाळीले." दोघंही हसायचो. मीच जास्त हसायचो…

आणि आता खरी लाज सांगतो. शंकरचे दिवस झाले त्या दुपारी अंगणात सगळी गल्ली बसली होती. एक निवृत्त गुरुजी, भला माणूस, सहज बोलून गेले, "साऱ्या जिल्ह्याचे रस्ते मोजत फिरले, अन् सोताच्या गल्लीत गाडी फिरवायले जागा ठेवाचं सुचलं नाई. नशीब म्हणा लागंल." दोन-चार माना हलल्या. माझ्या हातात पाण्याचा पेला होता, तो तसाच राहिला. तेवढ्यात वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. रडून रडून आवाज बसलेला. म्हणाल्या, "खरंच हो भाऊजी, यांनी काऊन नाई ठेवली? लोकांच्या लेआउटात तं भांडून ठेवत होते." आणि मी… मी म्हणालो, "राहून गेलं असंल, वहिनी."

राहून गेलं असंल! ज्या माणसाच्या हातून उभ्या आयुष्यात एक कोपरा राहून गेला नाही, त्याच्या माथी मी माझं पाप मारलं, तेही त्याच्याच अंगणात, त्याच्याच बायकोला. गाडी उलटी गेली तेव्हा मी हादरलो होतो, पण हे वाक्य माझ्या तोंडून निघालं तेव्हा मला माझीच भीती वाटली. कोणाला काही कळलं नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसा मी मात्र प्रत्येकाच्या तोंडाकडे पाहत बसलो. पुढे हे पसरलंच. पंधरा दिवसांनी पानठेल्यावर एक जण प्लॉट पाडायचं बोलत होता. तो म्हणाला, "उईकेसाहेबांचा नकाशा हाये माझ्यापाशी, पण आता दुसऱ्याकडून एकदा पाहून घ्या लागंल." मी पान तिथेच टाकलं आणि घरी आलो.

कपाटातून मंजूर नकाशा काढला आणि भर दुपारी वहिनींकडे गेलो. जमिनीवर पसरला. त्यांना नकाशा वाचता येत नाही, पण शंकरचं अक्षर येतं. गल्लीच्या शेवटच्या गोलावर त्याच्या हातचं लिहिलेलं होतं, "गाडी फिरवायची जागा." त्यांनी त्यावर बोट ठेवलं.

"हे तं यांचं अक्षर हाये."

"हो."

"मंग जागा कुठी गेली?"

"माह्या कंपाउंडात, वहिनी. भिंत मी बांधली. त्या दिवशी मी खोटं बोललो."

वहिनी नकाशाची एक घडी हातानं सपाट करत राहिल्या.

"यांले माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"अन् तरी रोज सकाळी तुमच्याच घरी चहा प्यायले येत होते."

"हो."

"अन् तुम्ही पाजत होते."

आयुष्यात मी पुष्कळ शिव्या खाल्ल्या, दिल्या त्याहून जास्त. असं कोणी बोललं नव्हतं. मी म्हणालो, मले माफ करा. त्यांनी नकाशाची घडी घातली, स्वतःच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाल्या, "मले एकटीले सांगून काय होते? त्यांले नावं ठेवली साऱ्यांनी. साऱ्यांले सांगा."

म्हणून हा लेख. गल्लीत मी दारोदार जाऊन सांगितलं. गुरुजींनी माझ्याकडे पाहायचं सोडलंय, ते बरोबरच आहे. पण शंकरचे नकाशे आर्वीपासून सेलूपर्यंत लोकांच्या घरात आहेत, आणि प्रत्येकाच्या दारी मी कुठे पोचणार? तेव्हा इथं लिहून देतो. शंकर उईकेच्या नकाशात चूक नव्हती. जागा होती. ती मी, देवराव, त्याच्या दोस्तानं, गिळली.

भिंत पाडायला दोन दिवस लागले. पहिला घण मी घातला, पण या वयात तीन घणांच्या वर काही जमलं नाही, मग मिस्त्रीनं हातातून घेतला. आंबा कापला. बायको आतून बाहेर आली नाही, जेवायला मात्र वाढलं. मुरूम टाकून जागा सपाट केली आणि सकाळी मी दारात उभा राहिलो, काय करावं ते न सुचून. तर घंटागाडी आली. आजवर ती गल्लीच्या तोंडाशी थांबून, उलटी होऊन, पी-पी करत आत यायची. त्या दिवशी ड्रायव्हरला लांबूनच मोकळं दिसलं असेल, तो सरळ आत आला. सुमनवहिनी फाटकात उभ्या होत्या. गाडी त्यांच्यासमोरून पुढे माझ्या दारापर्यंत आली आणि एका फेऱ्यात फिरली, कशाला खेटली नाही की थांबली नाही. ड्रायव्हर तर एका हातानं मोबाइलवर बोलत होता.

"वळली," वहिनी म्हणाल्या. मला नाही, कोणालाच नाही.

परतताना गाडी त्यांच्या फाटकाशी थांबली, ड्रायव्हरनं हॉर्न दिला, पुन्हा दिला, आणि कोणी हलत नाही पाहून निघून गेला. गाडीचं गाणं मोठ्या रस्त्याला लागून ऐकू येईनासं झालं, तरी वहिनी त्या मोकळ्या जागेकडे पाहत तिथेच उभ्या होत्या, कचऱ्यानं भरलेली बादली तशीच हातात.