माणाचं राहिलं

ओवीमावशींनी प्रार्थनेसाठी डोळे मिटण्याआधी आम्ही घाईनं चहा संपवायचो. एकदा त्यांनी सुरुवात केली, की कपातल्या चहाचं काही खरं नसे. सांगलीत विश्रामबागेत त्या आमच्या शेजारी राहायच्या. आमच्या चर्चमधले बाकी लोक देवाशी साधं बोलत. मावशी ओवीतून बोलत, तीही जागच्या जागी जुळवून. लहानपणी दुष्काळी माण तालुक्यात आईबरोबर जात्यावर बसून लागलेली ही सवय. जातं सुटलं, ओवी सुटली नाही.

विषयांना तोटा नव्हता. एकदा साखर मागायला गेले, तर मावशी ओट्यापाशी डोळे मिटून उभ्या:

प्रभू माझ्या शिट्ट्या मोज, कुकर हाय गॅसावर,
डोळं मिटून उभी मी, ध्यान तुझ्या पायावर.

डाळ त्या दिवशी लागलीच. देवाला एवढं बारीकसारीक कशाला सांगता, असं मी विचारलं. "त्याला समदं ठाव हाय गं," त्या करपलेला कुकर घासत म्हणाल्या, "पर सांगितल्याबिगर मलाच बरं वाटत न्हाई."

प्रार्थना लग्नाची असो, वाढदिवसाची असो की कुणाच्या दाढदुखीची, शेवट मात्र ठरलेला: माणात पाऊस पाड. त्यांचा धाकटा भाऊ तिकडे मेंढरं राखायचा. संध्याकाळी त्याला फोन लावून मावशी पहिला प्रश्न विचारत, "पडला का?" बहुतेक वेळा पडलेला नसे. मग देवाकडे पुन्हा तगादा.

याच शेवटानं एकदा घोटाळा केला. कृष्णेला पूर आला होता. नदीकाठची कुटुंबं आमच्या चर्चमध्ये मुक्कामाला होती आणि पाणी उतरावं म्हणून पाळकसाहेबांनी मावशींना प्रार्थना करायला सांगितलं. छान चाललं होतं. शेवटी सवयीनं त्यांच्या तोंडून निघून गेलं, "पाऊस पाड रं देवा!" कुणीतरी खाकरलं. मावशींनी डोळे उघडले नाहीत. सूर तसाच लांबवत त्यांनी पुढची ओवी रचली:

लय झालं सांगलीला, भर प्रभू तू घागर,
न्हेऊन ती ओत देवा, माझ्या माणाच्या माळावर.

घरदार पाण्यात गेलेली ती माणसं खळखळून हसली. इतकं मोठं आमेन मी त्या चर्चमध्ये दुसऱ्यांदा ऐकलेलं नाही.

मला मात्र चारचौघांत प्रार्थना जमत नसे. पाळी आली, की मला नेमका खोकला यायचा. मावशींना तो खोकला चांगला ओळखीचा होता.

शेवटच्या आजारात त्यांचा आवाज पार बसला. मी उशाशी होते. त्या कशाबशा म्हणाल्या, "आता माणाचं कोन मागनार गं?" त्यांचा हात धरून मी आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यानं प्रार्थना केली. मावशींना बरं कर, एवढंच अडखळत म्हटलं आणि आमेन उरकलं. त्यांनी माझा हात सोडला नाही. एक डोळा किलकिला करून कुजबुजल्या, "अगं, माणाचं राहिलं."

मी माणाचं मागितलं. मग त्यांनी आमेन म्हटलं. त्याच आठवड्यात त्या गेल्या.

परवाच्या रविवारी सांगलीत पावसानं नुसता उच्छाद मांडला होता. उघडीप मिळावी म्हणून कोण प्रार्थना करील, असं पाळकसाहेबांनी विचारलं. मी खोकले नाही, उठले. ऊन मागितलं, वाळायचे कपडेही देवाच्या कानावर घातले. आता आमेन म्हणायचं म्हणून लोकांनी माना वर केल्या.

"थांबा," मी म्हटलं, "माणाचं राहिलं."