फौजदारीणबाईंचं लग्नाचं पान

धंद्यातली माणसं तिला पाठीमागे फौजदारीणबाई म्हणत, आणि ते काही उगाच नाही. लग्न ठरलेल्यांसाठी ती इंटरनेटवर एक पान चालवायची. हॉल कसा बघावा, फोटोवाल्याला काय विचारावं, असलं सगळं. पोट भरायचं जाहिरातींवर, पण जाहिरात घेऊन कुणी आला की हिच्या कपाळाला आठी पडलीच. फुलवाल्याने तीन गिऱ्हाइकांचे नंबर दिले की ही त्यांना गोड बोलून विचारायची, "तुम्हाला यांचं नाव सुचवलं कुणी?" असा चौथ्याचा नंबर काढायची. त्या चौथ्याशी बोलल्याशिवाय जाहिरात नाही. आणि ती लागलीच, तर वर ठळक अक्षरांत 'पैसे घेऊन छापलेली जाहिरात' ही ओळ.

"अहो, एवढं मोठं कशाला?" एका हॉलवाल्याने विचारलं होतं.

"का, लाज वाटते?" असं म्हणून हिने त्याची बोलतीच बंद केली.

एका सकाळी एका नव्या नवरीचं पत्र आलं. तुमच्या पानावरची जाहिरात बघून मेकअपवाली ठरवली, लग्नाच्या दिवशी चेहरा भाजल्यासारखा लाल झाला, मेकअपचे डबे जुने होते, त्यांवरच्या तारखा खरवडलेल्या होत्या. आता ही मेकअपवाली म्हणजे फौजदारीणीची मावसबहीण. हिने लगेच ताडलं, हे पत्र म्हणजे धंद्यावर जळणाऱ्या दुसऱ्या कुठल्या तरी मेकअपवालीचं काम. असली बनावट पत्रं तिने ढिगाने पाहिली होती. पितळ उघडं पाडायचंच म्हणून ती पत्ता मागून थेट त्या मुलीच्या घरी जाऊन धडकली.

मुलीने दार अर्धंच उघडलं. गालावर अजून खपल्या होत्या.

"दुसरं काही लावलं नव्हतंत ना?" हिने तरीही विचारलंच.

मुलीने मोबाईलमधला डब्याचा फोटो पुढे केला. "तुम्ही म्हणे चौथ्या माणसाला विचारता. हिच्या वेळी कोण होतं चौथं?"

कुणीच नव्हतं. पहिलंसुद्धा नव्हतं. घरच्या माणसाची कसली चौकशी, म्हणून हिने एकही फोन केला नव्हता. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिथून ती मावसबहिणीकडे गेली. "डबे दाखव."

"माझ्यावर संशय घेतेस, ताई?"

"हो."

बहिणीने कपाट उघडलं नाही. संध्याकाळी आईचा फोन आला. "तिचा धंदा बसेल. मावशीला मी काय तोंड दाखवू?" हिला रडू आलं.

दुसऱ्या दिवशी हिने जाहिरात उतरवली आणि पानावर सगळं लिहिलं. मुलीचा चेहरा, डब्याचा फोटो, न केलेले फोन, आणि मेकअपवाली माझी मावसबहीण आहे, हे मी तुमच्यापासून लपवलं, हेही. आईने बोलणं टाकलं.

लिखाणाखाली पहिला अभिप्राय तासाभरात आला. 'बहिणीला बळी देऊन स्वतःचं नाव चमकवायची छान युक्ती. यामागे कोणत्या मेकअपवालीचे पैसे आहेत?'

हिने तो तीनदा वाचला. पुसायचं बटण तिथेच होतं. पण दुसऱ्या कुणी असं लिहिलं असतं, तर हिनेही अगदी हेच विचारलं असतं. तिने अभिप्राय तसाच राहू दिला.