वाळवीने न खाल्लेली वही

निवृत्त होऊन काही वर्षं झाली, पण कल्याणजवळच्या एका गावातली ती वही अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. गाव महापालिकेत जाणार होतं. ग्रामपंचायतीचं दप्तर सोपवताना घरांच्या नोंदींची सर्वांत जुनी वही सापडली नाही. वाळवीने खाल्ली, असं लिपिकाने लिहून दिलं. गावठाणातल्या एका म्हाताऱ्या आगरी विधवेकडे त्या वहीतल्या नोंदीखेरीज घराचा दुसरा पुरावा नव्हता. घर अनधिकृत ठरलं, पाडायची नोटीस भिंतीवर चिकटली. तीन दिवस उरले असताना आमच्या पोलीस ठाण्यात निनावी फोन आला, की वही वाळवीने नाही, लिपिकाने नेली.

मी आधी कपाट पाहिलं. शेजारच्या वह्या धडधाकट होत्या. निवडून एकच वही खाणारी वाळवी मी उभ्या नोकरीत पाहिलेली नाही.

लिपिक निवृत्तीला आलेला, शांत माणूस. दोन दिवस त्याने एकच जबाब घोटला. मी चिडलो, टेबलावर हात आपटला, उपयोग शून्य. दुसऱ्या सकाळी म्हातारीच्या दारात जेसीबी उभा राहणार होता.

दसरा नुकताच झाला होता. आमच्याकडे शस्त्रांबरोबर स्टेशन डायरीचीही पूजा होते; तिच्यावरचं हळदकुंकू तसंच होतं. हवालदाराने ती टेबलावर ठेवली, तसा लिपिकाचा हात नकळत तिला लागून कपाळाकडे गेला. मी आवाज खाली आणला.

"यंदा त्या वहीची पूजा कुठे केलीत?"

"घरी," तो बोलून गेला. मग त्याने सगळंच सांगितलं. त्या जागेवर डोळा असलेल्यांनी त्याला गाठलं होतं. "जाळून टाक म्हणाले, साहेब. इतके दसरे पुजलेली वही. काडी ओढवली नाही."

विठ्ठलवाडीतल्या त्याच्या घरी, देव्हाऱ्याखाली लाल फडक्यात वही मिळाली. पंचांसमक्ष उचलताना तो घाईने म्हणाला, "खालून धरा, शिवण उसवलीय."

मला संताप आला. शिवणीची काळजी होती, म्हातारीच्या छपराची नव्हती. संशयित काय लपवतो हे आम्ही शोधत बसतो. तो कशाला हात जोडतो तेही पाहावं, हे मी त्या दिवशी शिकलो. पाडकाम थांबवायचं पत्र त्याच दुपारी गेलं.

म्हातारी ठाण्यातच बसून होती. तिला वाचता येत नव्हतं.

"सायब, माजा घर हाय ना त्यान?"

मी तिचं बोट धरून तिच्या सासऱ्याच्या नावावर ठेवलं. तिने वहीला नमस्कार केला. समोर बसलेल्या लिपिकाने तेव्हा पहिल्यांदा मान खाली घातली.